एक घोट तणनाशक

थोरल्या नातीला पहिला दात आला, त्या वर्षीची गोष्ट. माझा धाकटा भाऊ आमच्याच घरात राहायचा आणि गोदामांच्या आवारातलं गवत मारायच्या कामावर जायचा. तणनाशकाच्या मोठ्या कॅनमध्ये नळी घालायची, तोंडाने ओढायची आणि धार लागली की पंपात सोडायची, ही तिथल्या सगळ्यांचीच पद्धत. एकदा घोट पोटात गेला.

दोन-तीन दिवसांनी तो दवाखान्यात खाटेवर मांडी घालून बसला होता. उलट्या थांबल्या होत्या. जीभ सोलवटली होती, म्हणून बोबडं बोलत होता. स्टुलावर बसून बसून माझीच पाठ मोडून गेली होती. सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, "आत्ता बरे दिसतील. पण हे विष हळूहळू फुप्फुसं निकामी करतं. याला उतारा नाही."

"ताई, उद्या घरी जाऊ."

"जाऊ."

"यापुढे मोठी खोली माझी. भावजींचं घोरणं तुझ्याकडेच ठेव."

"बरं."

"आणि तुझं ते लिंबाचं झाड तोडून मी तिथे गाडी लावणार."

"लाव."

जन्मात आमचं कधी एका गोष्टीवर पटलं नव्हतं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"ताई, तू भांडत का नाहीयेस?"

मी त्याची चादर नीट करत राहिले.

"भांड ना गं," तो म्हणाला.

मला जमलं नाही. माझा भाऊ पुढच्या गुरुवारी दुपारी गेला. शेवटपर्यंत शुद्धीत होता.