गुलाबाची माती

मनोहरराव रिटायर झाल्यापासून गच्चीवर बसून प्रत्येक झाडाची माती वेगळी कालवतात. रेती चाळून द्यायचं काम त्यांच्या पत्नीचं, शोभाबाईंचं.

आज शेजारची पौर्णिमा तिची कुंडी घेऊन वर आली. "काका, माया मोगरा काहून जगत नाही जी?"

"नुसती काळी माती भरली तू. शेतात ठीक आहे, कुंडीत ते पानी धरून ठेवते, मुळं सडतात. मोगऱ्याले रेती पायजे, शेवंतीले शेणखत. ज्याचं त्याचं येगळं असते, पोरी."

"पण तुमाले कसं समजते, कोनाले काय पायजे ते?"

"रोज पाहा लागते. झाड काई तोंडानं मांगत नाही. एक पान पिवळं पडलं, का मले समजते."

तेवढ्यात शोभाबाई खालून डबा घेऊन आल्या. जिन्यानं त्यांना दम लागला होता. घरातला चहाचा चोथा धुऊन, वाळवून त्या या डब्यात गुलाबासाठी साठवत. मनोहररावांनी झाकण उघडलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अवं, पयले महिनाभरात हा डबा गच्च भरे. कितीक दिवसांपासून पाहून राह्यलो, अर्धाच निघते. काहून? गुलाबाले पुरत नाही ना."

"मी चहा सोडल्याले दोन वर्षं झाली, जी," शोभाबाई म्हणाल्या आणि त्यांनी रेतीची चाळणी पुन्हा पुढ्यात ओढली.