एकच जास्वंद

"माझ्या हयातीत देवाची जास्वंद कासवाच्या तोंडी जाणार नाही!" अच्युतरावांनी देवघरातून ठणकावलं.

डॉक्टरांनी कासवाची पोळी, केळी बंद करून पाला आणि जास्वंद लिहून दिली होती. तीन दिवस कासव उपाशी. पाल्याकडे ढुंकूनही बघेना. कुंडीतली जास्वंद दिवसाला एकच फूल द्यायची.

"अहो, मग कालचं निर्माल्य देऊ," दमयंतीबाई म्हणाल्या.

कासवानं कोमेजलेलं, कुंकू लागलेलं फूल हुंगलं आणि डोकं आत घेतलं.

"बघा, तुमच्यासारखंच. शिळं चालत नाही." बाईंचा आवाज ओला झाला.

दुसऱ्या दिवशी अच्युतरावांनी गणपतीला ताजं फूल वाहिलं, कुंकू मात्र लावलं नाही. अथर्वशीर्षाची एरवीची अकरा आवर्तनं एकावर आली. पाटाशी खरखरलं. कासव मान ताणून वर बघत होतं.

अच्युतरावांनी हात जोडले.

"देवा, जरा लवकर आटप. खाली पंगत खोळंबलीय."