आईच्या हातचे मोजे

मावशीने लोकरीची पिशवी खांद्याला अडकवली, तेव्हा बाबा खुर्चीतून उठले.

"ती राहू दे."

आईला जाऊन वीस दिवस झाले होते. शाली, पुस्तकं, छत्री, ज्याला जे हवं ते त्याने नेलं होतं. बाबांनी कशालाच हरकत घेतली नव्हती.

"अहो भाऊजी, तुम्ही काय करणार या सुया घेऊन?" मावशी म्हणाली. "ताईचा शेवटचा मोजा अर्धाच राहिलाय यात. लग्नाआधी साधं बटण लावायचा कंटाळा करायची हो! आणि पुढे अख्ख्या शाळेच्या पायात हिचे मोजे."

आई शाळेत शिकवायची. शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत प्रत्येकाकडे तिने दिलेली एक तरी जोडी होती. लेकीला तर दर हिवाळ्यात नवी यायची. करड्या लोकरीची, टाचेला दुहेरी वीण, कुठे शिवण म्हणून नाही. सोबत आईच्या अक्षरात चिठ्ठी: पाय गार ठेवू नकोस. पहिल्यांदा मोजे चढवताना लेकीला दर वेळी वाटायचं, आईने पाय मांडीवर घेतलेत.

"बाबा, नेऊ दे ना मावशीला," लेक म्हणाली. "तिच्याकडेही आईचं काहीतरी राहील."

बाबा मावशीजवळ गेले. त्यांनी पिशवी अलगद काढून घेतली, खिडकीशी बसले, चष्मा लावला. अर्धा मोजा बाहेर आला. दोन आखूड सुया, त्यांना जोडणारी लवचिक तार आणि तारेवर ओळीने बसलेले टाके. बाबांनी तार ओढून घेतली, लोकर बोटाला गुंडाळली आणि टाच वळवायला घेतली. बघावंही लागत नव्हतं. बोटं आपली चालली होती.

लेक खिडकीजवळ आली.

"बाबा, तुम्ही?"

बाबांचा जन्म मालगाडीचा गार्ड म्हणून गेला होता. शेवटच्या डब्यात एकट्याने.

"गाडी सिग्नलला तीन-तीन तास उभी. करायचं काय?" ते म्हणाले. "एका स्टेशनमास्तरांच्या आईने शिकवलं. सरळ सुया धक्क्यासरशी निसटायच्या. या गोल सुईवरून टाका गळत नाही."

"मग आईने कधी सांगितलं का नाही?"

"गार्ड मोजे विणतो म्हटल्यावर सगळ्यांनी माझी टर उडवली असती. मीच म्हटलं, तुझ्या नावावर खपव. तिला शेवटपर्यंत एक टाका धड घालता आला नाही."

मावशी त्यांच्यासमोर येऊन बसली. "म्हणजे इतकी वर्षं तुमचं कौतुक ताईनेच घेतलं?"

"घेतलं कुठे?" बाबांचे हात थांबले. "मी ड्यूटीवरून आलो की हातपाय धुवायच्या आधी समोर बसवायची, आणि कोण काय म्हणालं ते शब्द न् शब्द मला सांगायची."