घोडे सत्तावीस की एकेचाळीस

"आधी घोडे सत्तावीस होते. नदी ओलांडल्यार एकेचाळीस झाले. मेले नदीत व्याले काय?"

हरिश्चंद्रांनी हे चौथ्यांदा विचारलं आणि गौरजाने बॅगेची चेन इतक्या जोरात ओढली की ती अडकलीच. हैदराबादला नवं काम सुरू होण्याआधी ती चार दिवसांसाठी धामापूरला आली होती. चार दिवस घरात दुसरा विषय नाही. सकाळी चहाबरोबर राजाचा मुकुट, जेवताना राक्षसाचे दात, संध्याकाळी दारापुढच्या खळ्यात बसून पुन्हा घोडे. सहाशे कोटींचा सिनेमा, आणि बाबांना त्यात एक गोष्ट धड दिसू नये! काजूच्या बागेत जन्म काढलेल्या माणसाने एवढं बारीक बघावं तरी कशाला?

"तो राजा कड्यावरसून उडी मारता, हवेत तीन गिरके घेता आणि उभो रवता. तेका काय पंख फुटले?"

गौरजाचं डोकं उठलं. राजाला पंख नव्हते, त्याला जाड दोरांनी टांगलं होतं. ते दोर एकेका फ्रेममधून पुसून टाकायचे, हेच तिचं काम. दोन वर्षं तिने तेवढंच केलं होतं. घरी मात्र सांगितलं नव्हतं. पोरगी एवढ्या लांब जाऊन दोर पुसते हे कळलं असतं, तर बाबांना वर्षभर दुसरा विषय लागला नसता. सिनेमा लागला तेव्हा त्यांनी फोनवर विचारलं होतं, "तू ह्यात नेमका केलंस काय?"

"तुमका नाय कळाचा, बाबानू," म्हणून तिने फोन ठेवला होता.

आता ती आईकडे वळली. "आई, ह्यांका सांग. परत घोडे काढले तर चतुर्थीक मी येवचंय नाय."

सुभद्राबाई नारळ आणायला आत गेल्या. दारात शिवाची रिक्षा येऊन उभी राहिली होती.

गावात कोणाचंही कार्य असो, देवाला गाऱ्हाणं घालायला, सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागायला, हरिश्चंद्रच लागत. ते नारळ घेऊन तुळशीपुढे उभे राहिले. गौरजा बॅग धरून मागे उभी राहिली. कधी एकदा संपतं असं तिला झालं होतं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सुभद्राबाई आणि शिवा म्हणाले.

"माझी लेक नव्या कामाक जाता हा. तिची वाट सांभाळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिना केल्यान तो सिनेमा मिया कणकवलेक जावन सात वेळा बघितलंय म्हाराजा!"

शिवाचा "व्हय" अर्ध्यावरच राहिला. सुभद्राबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. काजूच्या कामाला जातो, असं ते प्रत्येक वेळी सांगून गेले होते.

"घोडे मोजलंय, राक्षसाचे दात मोजलंय. काय एक सोडूक नाय. पण माझ्या चेडवाचो हात खंय लागलो, तां माका सापडाक नाय म्हाराजा." हरिश्चंद्रांनी नारळ दोन्ही हातांत धरला. "तिका इचारलंय तर म्हणता, तुमका नाय कळाचा. माझीच नजर कमी पडली आसतली. माका तेवढा दाखय म्हाराजा!"

या वेळी "व्हय म्हाराजा" एकट्या गौरजानेच म्हटलं.