फोटोखालची ओळ

आडवं आलेलं मूल पोटावरूनच हातांनी फिरवून सरळ कसं करायचं, हे नव्या डॉक्टरीणबाईंना आमच्या सुईण मावशीनं शिकवलं. बाळंतीण सुखरूप सुटली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कौतुकानं मावशीचा फोटो काढला. बाह्या वर सरकवलेल्या, हात अजून ओले. "मावशी, हा मोठा करून दवाखान्याच्या दारात लावते बघा," त्या म्हणाल्या. आणि खरंच लावला.

मावशीला वाचता येत नव्हतं. येईल-जाईल त्याला ती विचारायची, "खाली काय लिहिलंय रे?"

"तुमचंच नाव, दुसरं काय!" म्हणत जो तो सटकायचा. मीही तेच सांगितलं. माझी दोन्ही मुलं तिच्याच हातची.

हळूहळू तिला बोलावणी येईनाशी झाली. त्यावर ती हसून म्हणायची, "आता फोटो लागलाय ना माझा, बोलवायला बिचकत असतील बिचारे."

रिकामं घर खायला उठलं, तशी साठीला टेकलेली मावशी प्रौढांच्या साक्षरता वर्गाला जाऊ लागली. हौस एकच, आपलं छापलेलं नाव आपल्या डोळ्यांनी वाचायचं. काल माझा हात धरून तिनं मला दवाखान्याच्या दारात नेलं. फोटोखाली बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं,



"अशा अडाणी सुईणींपासून सावध राहा."