बधिर बाजू

बायकोचा भाऊ हॉस्पिटलच्या खोलीत आला, 'कसं वाटतंय' वगैरे न विचारता त्याने दाजींना कुशीवर वळवलं आणि पाठीवरच्या पट्टीवर बुक्की हाणली.

"ही हिच्या हाताची, दाजी. बाईचा हात काय काटकी आहे मोडायला?"

तोंडाने दाजी आणि हाताने बुक्की. नातं ते नातं. कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलेली बहीण खाटेच्या पलीकडे उभी होती.

दुसरी बुक्की त्याच जागी बसली. मुतखडा काढायला सकाळीच तिथे भोक पाडलं होतं, नळी अजून आतच होती. एखादा बैलही बोंबलला असता. दाजी हसले.

"मार की. भूलवाल्या डॉक्टरांनी पाठीत इंजेक्शन दिलंय, शिरा बधिर करायचं. ही सगळी बाजू मेलीये माझी."

भावाचा हात हवेतच राहिला. एवढा आडदांड ट्रकवाला, पण त्याला रडू फुटलं. ज्याला दुखतच नाही, त्याला मारून करायचं काय?

"आणि तू," दाजी बायकोला म्हणाले, "माहेरी कळवलंस ना? परवा घरी येतोय मी. दुसरा हात शाबूत आहे अजून तुझा."

ते पुन्हा हसले. तिचा हात मोडण्याआधीही ते असेच हसले होते. तिची मान खाली गेली. पाठीतल्या नळीची पिशवी तिच्या बाजूला खाटेला टांगलेली होती. मघापर्यंत त्यात गुलाबी पाणी होतं. आता लालभडक रक्त होतं आणि पिशवी फुगत चालली होती.

सिस्टर दारातून डोकावल्या. "आवाज कसला? दुखतंय का काही?"

"छे हो. पाहुणे भेटायला आलेत. मुंगी चावल्याइतकंही दुखत नाही."

"दुखलं तर लगेच सांगा. दुखणं अंगावर काढायचं नाही."

सिस्टर पुढच्या खोलीकडे गेल्या. दाजींचे ओठ पांढरे पडत होते आणि बोलता बोलता जीभ जड झाली होती. भाऊ डोळे पुसत खाटेला वळसा घालून आला आणि त्याला पिशवी दिसली. तो दाराकडे धावणार, तोच बहिणीने धडक्या हाताने त्याची बाही धरली.

"पडदा ओढ, दादा," ती म्हणाली. "झोप लागतेय त्यांना."