शंकूपर्यंतचे अंतर

“दहा खेपा. तीनशे मीटर,” फिजिओथेरपिस्टने घड्याळाची कळ दाबली. “बसा काका.”

मोजणीदार काका खुर्चीत टेकले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, तरी ऐट सुटली नव्हती. “पन्नासच राहिले ना? उद्या पार करतो. डॉक्टरांना म्हणावं, सुरी परजून ठेवा!”

“परजा म्हणे!” रुग्णालयाच्या मार्गिकेच्या दुसऱ्या टोकाकडून शाल सावरत आलेली त्यांची पत्नी फणकारली. “या वयात कशाला ही चिरफाड? आहे तसं चाललंय, ते काय वाईट आहे?”

मोजणीदारांच्या उजव्या फुप्फुसात गाठ होती. ती वेळेवर निघाली, तर ते वाचणार होते. मात्र शल्यविशारदांची अट होती: सहा मिनिटांत साडेतीनशे मीटर चालून दाखवले, तरच छाती उघडायची. मुदत शुक्रवारपर्यंत.

मार्गिकेत दोन नारिंगी शंकू, मध्ये तीस मीटर. फरशीवरची खूण केव्हाच पुसून गेली होती. पण ज्याची उभी हयात जमिनी मोजण्यात गेली, त्याला खुणेची काय मातबरी? पलीकडचा शंकू मोजणीदार स्वतःच ठेवीत. त्याच्याजवळच्या बाकावर काकू बसत. अलीकडच्या टोकाला फिजिओथेरपिस्ट घड्याळावर नजर लावून उभी राही.

तिला कोडे पडले होते. तीन आठवड्यांच्या व्यायामाने काकांची धाप कमी झाली होती. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा आता घसरत नव्हता. पाऊल लांब पडू लागले होते. खेपा मात्र दहाच्या दहा.

गुरुवारी तिने पावले मोजली. पहिल्या दिवशी एका खेपेला पन्नास लागली होती, तशी तिच्याच हातची नोंद होती. आज चोपन्न लागली. पाऊल लांबले असता ती कमी व्हावयास हवी होती.

दोघे घरी गेल्यावर तिने टेप लावली. छत्तीस मीटर. पुन्हा लावली. छत्तीसच.

तिला तो बाक आठवला, ती शाल आठवली, रोजचे ते ‘कशाला ही चिरफाड’ आठवले. आधी संताप आला. मग वाटले, भेदरलेल्या जिवाला काय बोलावे? कोणास काही न सांगता शुक्रवारी टेप लावून शंकू तिने स्वतः ठेवला, आणि तो कोणालाही तिथून हलवू दिला नाही.

बारा खेपा भरल्या. तीनशे साठ मीटर.

मोजणीदारांची ऐट प्रथमच सुटली; ते शंकूकडे बघत खुर्चीत टेकले. काकू शालीत तोंड लपवून रडल्या.

पुढच्याच आठवड्यात शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. चौथ्या दिवशी तिने काकांना उशी छातीशी घट्ट धरून खोकायला शिकवले, मग श्वासाचे यंत्र हाती दिले. नळीतून श्वास आत ओढायचा आणि चेंडू वर तोलून धरायचा. निळा चेंडू हळूहळू वर चढला आणि स्थिरावला.

“वा! असाच धरा,” ती म्हणाली. मनातली उत्सुकता आता तिला आवरेना. ती काकूंकडे वळली. “काकू, आता खरं सांगा, रागावणार नाही मी. शंकू तुम्हीच सरकवत होता ना?”

काकू लाजेने लाल झाल्या. “कळलं होय तुला? काय करू गं! तोंडानं नको नको म्हणायचे, पण यांनी पास व्हावं म्हणून जीव तुटायचा. हे वळले की मी रोज हातभर अलीकडे ओढायचे.”

“अलीकडे?”

काकांच्या यंत्रातला चेंडू टपकन खाली पडला.